फोटो बंद असलेली शाळा

गणपती उठले की नांदेड एकदम गप्प होतं. इतके दिवस कानठळ्या बसवणारे ढोल कुठेतरी कोपऱ्यात उताणे पडतात, रस्त्यावरचा गुलाल चिखलात कालवला जातो, आणि नदीच्या घाटाच्या बाजूने वारा आला की ओल्या मातीचा, कुजत चाललेल्या हारांचा वास घरात शिरतो. मोंढ्यात नवं सोयाबीन यायला लागलेलं असतं. पाऊस पुरता गेलेला नसतो, थंडी आलेली नसते. लोक म्हणतात, चला, सण संपला. माझा मात्र त्या दिवशी एक ऋतू सुरू होतो. पंचांगात त्याला नाव नाही. किल्लारीच्या आसपास ज्यांनी भूकंपाचं ते वर्ष काढलं, त्यांना तो नाव न घेताही कळतो.

यंदाही तो आला तेव्हा मी लॅपटॉप उघडून बसले होते. पडद्यावर माझं नाव, माझा हसरा फोटो, आणि खाली तीन दालनं: ‘सुरुवातीची वर्षं’, ‘वाटचाल’ आणि ‘आज’. पहिल्या दालनात एक करडी, रिकामी चौकट. तिच्यात बारीक अक्षरांत लिहिलेलं, ‘येथे छायाचित्र जोडा’. वर्ष झालं, ती तशीच होती.

हे प्रकरण सुरू झालं मागच्या भाद्रपदात. आमच्या शिक्षणसंस्थेनं ठरवलं की प्रत्येक शिक्षकानं आपला डिजिटल पोर्टफोलिओ करायचा. शिक्षक म्हणून आपण कसे घडलो, कुठे अडखळलो, काय शिकलो, ते फोटो, चित्रफिती आणि चार ओळी अशा रूपात एका जागी मांडायचं आणि मग ते स्वतःच बघून विचार करायचा. स्टाफरूममध्ये भरपूर थट्टा झाली. “जन्मभर फळ्यावर लिहिलं आणि पुसलं. आता पुसलेलं कुठून आणू?” असं मीच म्हणाले, आणि सगळे हसले. पण त्याच सूचनेत खाली आणखी एक ओळ होती. नव्यानं लागणाऱ्या शिक्षकांसाठी संस्था एक मार्गदर्शन केंद्र काढणार होती, आणि ते कुणाच्या हाती द्यायचं हे पोर्टफोलिओ बघून एक समिती ठरवणार होती. ती ओळ वाचली आणि माझी थट्टा थांबली.

मला ते काम हवं होतं. उगाच ‘मिळालं तर बरं, नाहीतर राहिलं’ असं म्हणणार नाही. मनापासून हवं होतं. निवृत्ती दाराशी आली होती, आणि नवी पोरंपोरी शिकवायला लागलेली बघितली की माझा जीव खालीवर होतो. हुशार असतात. विषय तोंडपाठ असतो. पण वर्गात मूल रडवेलं बसलंय हे त्यांना दिसत नाही, कारण कुणी ते बघायला शिकवलेलं नसतं. मला कुणीतरी शिकवलं होतं. मी जाण्याआधी ते कुणाच्या तरी ओंजळीत घालावं, एवढंच मनात होतं.

पोर्टफोलिओ बांधायला प्रणिता मदतीला आली. ती आमच्याकडे संगणक शिकवते, मूळची हदगावची, जिभेला हाड नाही पण मनाची निर्मळ. रोज शाळा सुटली की ती आमच्या जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप मांडून बसायची, मी चहा टाकायचे, आणि कपाटातून फोटोंची पाकिटं काढून द्यायचे. ‘आज’ हे दालन तर भरून वाहायला लागलं. ‘वाटचाल’मध्ये लातूरची वर्षं आली. मग एके दिवशी प्रणितानं माउस बाजूला ठेवला.

“मॅडम, सगळं झ्याक झालंय. पण सुरुवात कुठंय? तुमी काय एकदम मोठ्याच झाल्या का?”

“त्या वेळचा फोटो नाही माझ्याकडे.”

“एक बी न्हाई?”

“एक पण नाही. आमच्या शाळेत फोटो काढायला बंदी होती.”

तिला वाटलं, मी चेष्टा करून राहिले.

त्या शाळेला भिंती नव्हत्या. चार बाजूंनी पत्रा, वर पत्रा, खाली मुरूम टाकून चोपलेली जमीन. मी डी.एड. होऊन त्या गावात लागले त्याला एक पावसाळाही पुरता झाला नव्हता. गणपतीसाठी नांदेडला आईकडे आले होते म्हणून वाचले. गावाचं नाव मी लिहीत नाही, आणि ज्या मुलीबद्दल पुढे सांगणार आहे तिचंही खरं नाव देत नाही. का, ते पुढे कळेल. त्या वर्षी अनंत चतुर्दशीला गणपती विसर्जन करून माणसं थकून निजली, आणि पहाट व्हायच्या आत जमीन हलली. जाड दगडी भिंती, वर मातीचं वजनदार माळवद. ज्या घरांनी उन्हाळ्यात गारवा दिला तीच अंगावर आली. लगेच पितृपंधरवडा लागला. घरोघरी पितरांना जेवू घालायचे ते दिवस, आणि इथे घरच नाही, घालणारं नाही, घास ठेवायला पत्रावळ नाही. कावळे मात्र आले होते.

मी परत गेले तेव्हा वरून पाऊस लागलेला. काळ्या मातीचा चिखल, त्यावर मारलेल्या औषधाच्या पावडरीचा उग्र वास, आणि ओल्या घोंगड्यांचा. मदत म्हणून आलेल्या कपड्यांच्या ढिगातून मुलांनी मिळेल ते अंगावर चढवलेलं. एकाच्या अंगात कुण्या साहेबाचा कोट, तो गुडघ्याच्या खाली येत होता, आणि त्याचं कुणालाही हसू येत नव्हतं. मुली सागरगोटे खेळत नव्हत्या. दगडाला कुणी हातच लावत नव्हतं. पत्र्याच्या शेडमध्ये मुलं बसायची ती सगळी दाराशी, एकमेकांना चिकटून. आत जागा रिकामी असायची. मी शाळेतल्या बाईच्या तोऱ्यात म्हणाले, “आत सरका रे.” कुणी हललं नाही.

आमचे मुख्याध्यापक बिराजदार गुरुजी. वयस्कर, धोतर-टोपीतले, बोलायला कमी. त्यांच्या घरातलंही माणूस गेलं होतं. त्यांनी मला बाजूला बोलावून सांगितलं, “बाई, सरका म्हणू नका. तुमीच दाराकडं फळा न्या.” आम्ही फळा उचलून दाराशी आणला. माझं शिक्षक होणं कुठे सुरू झालं असं कुणी विचारलं तर मी तो फळा उचलल्याचा क्षण सांगेन. त्यानंतर मी जिथे जिथे शिकवलं तिथे वर्गाचं दार उघडं ठेवलं. आवाज येतो, वारा येतो, लोक नावं ठेवतात. ठेवू देत.

मुलं बोलत नव्हती. नाव विचारलं तरी ओठ हलायचे, आवाज फुटायचा नाही. गोष्ट सांगितली तर ऐकता ऐकता रडायला लागायची, कारण प्रत्येक गोष्टीत आई असते नाहीतर घर असतं. मी हात टेकले होते. मग गुरुजींनी एके सकाळी, काही न सांगता, पाढा सुरू केला. बे एके बे. त्या भागात तिन्हीसांजेला देवळाच्या पायरीवर बसून पाढे म्हणायची रीत होती. ते पाढे मुलांच्या हाडात मुरलेले. आधी एक आवाज आला, मग दोन, मग सगळ्यांचे. पाढ्यात आई नाही, घर नाही, कोण गेलं नि कोण राहिलं नाही. बे दुणे चार हे भूकंपाच्या आधीही चार होतं आणि नंतरही चारच होतं. पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि त्याच्या वरताण मुलं ओरडत होती. मी पाठ फिरवून रडले. त्या दिवसापासून शाळा भरली असं म्हणता येईल.

आणि मग जीपगाड्या येऊ लागल्या. मदत आणणाऱ्यांना मी कधीही बोल लावणार नाही, त्यांच्यामुळे आम्ही जगलो. पण त्यांच्याबरोबर कॅमेरे येत. कॅमेरेवाले मुलांना ओळीत बसवत आणि सांगत, “हसायचं नाही हं. इकडे बघू नका, खाली बघा.” चौथीत एक मुलगी होती, तिला आपण कला म्हणू. तिची आई आणि धाकटा भाऊ गेला होता. मोठे डोळे, सावळा, निमुळता चेहरा. कॅमेऱ्याला ती फार आवडायची. आलेला प्रत्येक जण तिलाच पुढे बोलवायचा. तिचा फोटो एका वर्तमानपत्रात पहिल्या पानावर आला, मग भित्तिपत्रकांवर, मग कुठे कुठे. कलाला ते काहीच माहीत नव्हतं. तिला एवढंच कळलं होतं की जीप आली की पायातली चप्पल काढायची, वेणी सोडायची आणि खाली बघायचं.

एका दुपारी सुट्टीत मुलं शेडच्या मागे खेळत होती. इतक्या दिवसांनी खेळताहेत म्हणून मी आणि गुरुजी कौतुकानं बघायला गेलो. एका मुलीनं बिस्किटाचा रिकामा डबा डोळ्याला लावला होता. समोर कला दुसऱ्या मुलीला शिकवत होती, “असं न्हाई गं. केस मोकळे सोड. मान खाली घाल. आन् हासू नको, हासलीस तर फोटो जातो.” ती दुसरी मुलगी हुबेहूब तशी उभी राहिली. डब्यातून आवाज आला, खटॅक. मग पुढची.

गुरुजी माघारी वळले. शेडमध्ये येऊन ते टोपी हातात घेऊन बसले. मग म्हणाले, “बाई, ह्या लेकरायला दुःख व्हतं. आता ते दुःख करून दाखवायला शिकायलेत. हे थांबवायला पायजे.”

दुसऱ्या दिवशी जीप आली तेव्हा गुरुजी वाटेत उभे होते. “साहेब, कॅमेरा जीपमधी ठिवा आन् आत या. फोटो बंद हाय. आन् शाळंचा एक नेम हाय. पाव्हण्यानं लेकरासंगं एक पाढा म्हणायचा. म्हणजे लेकरं पाव्हण्याला वळखतील, पाव्हणे लेकरायला.”

“कुठला पाढा?” साहेब हसून म्हणाले.

दाराशी बसलेल्या मुलांमधून कुणीतरी ओरडलं, “सतराचा!”

साहेबांनी झोकात सुरुवात केली. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस. सतरा त्रिकला जरा थबकले. सतरा सक एकशे दोनपर्यंत कसेबसे आले आणि सतरा सातेला गाडी रुतली. घाम पुसला, आभाळाकडे पाहिलं. मुलं श्वास रोखून बघत होती. एवढा मोठा, गाडीतून आलेला माणूस, आणि त्याला येईना. मग पहिल्या ओळीतून कला म्हणाली, “एकशे एकोणीस, साहेब,” आणि हसली. ती हसली तशी सगळी शाळा हसली. पत्र्याच्या त्या शाळेत तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला. साहेबही हसले, आणि जाताना त्यांनी गुरुजींना वाकून नमस्कार केला.

त्यानंतर जो आला त्यानं पाढा म्हटला. कुणी रागावून परतही गेले, अधिकाऱ्यांपर्यंत तक्रार गेली, गुरुजींनी ती ऐकून घेतली आणि नेम तसाच ठेवला. दसरा झाला, दिवाळी आली, कुणी किल्ला केला नाही पण दिवे लावले. ज्यांच्याकडे बळ उरलं होतं त्यांनी उशिरानं शाळू पेरला. शाळूला, रब्बीच्या त्या ज्वारीला, पाऊस लागत नाही. काळ्या जमिनीत मुरलेली ओल आणि वरून पडणारं दव, एवढ्यावर तो कमरेएवढा होतो. ‘आपल्या व्यावसायिक वाढीविषयी लिहा’ असा पोर्टफोलिओत प्रश्न आहे. मला वाटतं, शिक्षकाची वाढ शाळूसारखी असते. कुणी पाणी घालताना दिसत नाही. पण हे समितीला कसं दाखवायचं, ते मला कळत नव्हतं.

पुढे कलाला तिचे मामा उदगीरला घेऊन गेले. मी बी.एस्सी. केलं, बी.एड. केलं, लग्न होऊन लातूरला आले. तेव्हा लातुरात शिकवण्यांचं पीक जोरात आलं होतं. गल्लोगल्ली क्लास, घरोघरी खोल्या भाड्यानं, मेसच्या डब्यांच्या सायकली. देगलूर, निलंगा, हदगाव, कुठून कुठून मुलं यायची. मी एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायचे, गळ्यात माइक अडकवून. शेवटच्या बाकावरच्या मुलाचा चेहरा दिसायचा नाही, त्याचा नंबर मात्र पाठ असायचा. मी त्या वर्षांना नावं ठेवत नाही. कितीतरी घरं त्या क्लासांनी वर काढली. पण निकाल लागला की चौकाचौकात मुलांचे हसरे फोटो झळकायचे आणि ज्यांचे झळकले नाहीत ती मुलं त्याच फलकाखालून मान खाली घालून एसटी स्टँडकडे जायची. ती मान मी ओळखायचे. मग यांची बदली विष्णुपुरीला धरणाच्या कामावर झाली आणि मी नांदेडच्या शाळेत आले. वर्गात पुन्हा नावं आली.

कलाची आणि माझी गाठ सुटली नाही. तिच्या लग्नाला मी उदगीरला गेले होते. फोटोग्राफर बिचारा विनवत होता, “वहिनी, हसा की जराशा.” कला खाली बघत होती. लोकांना वाटलं, नवरी लाजायली. मला कळलं. पुढे ती गणितात एम.एस्सी. झाली आणि लातूरच्याच एका क्लासमध्ये शिकवू लागली. दरवर्षी अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमचा फोन होतो. कधी ती करते, कधी मी. पाऊस किती झाला, पोरं काय म्हणतात, गुडघे कसे आहेत, एवढंच बोलतो. त्या पहाटेचं दोघीही बोलत नाही. फोन केला यातच सगळं आलं.

मागच्या वर्षी, मी नाही नाही म्हणत असताना, प्रणितानं गावाचं नाव घालून शोधलं आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला. “मॅडम, ह्या तुमीच न?”

तो कलाचा फोटो होता. वर्तमानपत्रातला, पहिल्या पानावरचा. बंदीच्या आधीचा. मोकळे केस, खाली झुकलेली मान. आणि तिच्या मागे, थोडी पुसट, पत्र्याला हात टेकून उभी असलेली एक तरुण बाई. हातात खडू. मी तो फोटो तेव्हा पाहिला होता, पण त्यात मी आहे हे कधी लक्षातच आलं नव्हतं.

“झालं की काम!” प्रणिता उभी राहिली. “मॅडम, हा फोटो लावला तर समितीवाले उठून टाळ्या वाजवतेत. कुणाकडंय असला पुरावा?”

खरं होतं ते. तो लावला असता तर दुसऱ्या कुणाचा पोर्टफोलिओ उघडायचीही गरज नव्हती. मी एकदा म्हणून बघितलं, “त्या मुलीला कापता येईल का?” प्रणितानं कापून दाखवलं. उरलं काय, तर पत्र्याला टेकलेला एक खांदा, खडू आणि अर्धा चेहरा. समोर मूल नसलेली बाई कशाचीही बाई दिसत नव्हती. शेवटी मी म्हणाले, जिचा चेहरा आहे तिला विचारून येते.

नांदेडहून लोहा, अहमदपूर करत लातूरला जाताना दुतर्फा सोयाबीन पिवळं पडलं होतं. बसमध्ये मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. कला, हे नव्या शिक्षकांसाठी आहे. कला, तुझं नाव येणार नाही. कुठलंही वाक्य मला स्वतःला पटत नव्हतं, आणि तरी फोटो हवा होता. लातुरात क्लासांच्या भागात उतरले तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फलक. डोक्यावर हसरे चेहरे, खाली पाठीवर दप्तरं घेतलेली मुलं, वडापावच्या गाड्या, झेरॉक्सची दुकानं. कलाचा क्लास तिसऱ्या मजल्यावर. जिन्यात रखवालदार बडबडत होता, “एसी चालू आन् दार सताड उघडं. ह्या मॅडमला सांगून सांगून थकलो.” मी जिन्यातच क्षणभर थांबले.

कला मला बघून धावत आली. “बाई! कामून आलाव एवढ्या लांब? फोन करायचा की.” तिनं मला एका रिकाम्या वर्गात बसवलं, पाणी दिलं. मी जुळवलेली सगळी वाक्यं विसरले आणि मोबाइल तिच्यापुढे धरला.

तिनं तो हातात घेतला. बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं ती स्वतःकडे बघते आहे. मग तिनं दोन बोटांनी फोटो मोठा केला, माझ्यावर नेला आणि म्हणाली, “बाई, तुमी तर किती लहान होता वो. लेकरूच की. तवा मला लई मोठ्या वाटायच्या.”

मी तिला सगळं सांगितलं. पोर्टफोलिओ, केंद्र, मला ते काम किती हवंय ते. काही लपवलं नाही. तिनं ऐकून घेतलं, मोबाइल उपडा करून बाकावर ठेवला.

“न्हाई, बाई.”

मी मोबाइल उचलून पर्समध्ये टाकला.

“राग मानू नका. तुमी म्हणलाव तर मी दुसरं काय बी करीन. पण ह्यो फोटो न्हाई. इथं कुणालाच ठाव न्हाई, ती मी हाय म्हणून. ह्या लेकरांसाठी मी गणिताची मॅडम हाय, खडूस, मार्क कापणारी. तेवढीच ऱ्हाऊ द्या मला. त्या फोटोतल्या पोरीला लोकायनं लई बघितलं, बाई. आता पुरं.”

मला वाईट वाटलं. तिच्यासाठी नाही, माझ्यासाठी. हातातोंडाशी आलेला घास गेला असं वाटलं. तिनं बरोबर केलं हे कळत होतं आणि तरी डोळ्यांत पाणी आलं. तिनं माझा हात धरला. “चला, माझी बॅच बघा. आलाव तर बघूनच जा.”

शेजारच्या वर्गात मुलं गच्च भरली होती. दार उघडं. कला मला घेऊन फळ्याशी गेली आणि म्हणाली, “या माझ्या बाई आहेत. मला यांनी शिकवलं.” मुलं उठून उभी राहिली. मी नमस्कार केला, आता निघावं म्हणून वळले, तर मागच्या बाकावरून हाक आली.

“मॅडम, पाढा!”

आणि मग सगळ्या वर्गातून, बाक वाजवत, “पाढा! पाढा!”

मी कलाकडे बघितलं. ती खडूकडे बघत होती. पहिल्या बाकावरच्या मुलीनं मला समजावून सांगितलं, “मॅम, आमच्या क्लासचा रूल आहे. कुणीही गेस्ट आला की आधी टेबल म्हणावं लागतं. डायरेक्टर सरांनी पण म्हटलंय.”

“कुठलं?” मी विचारलं.

“सतराचं.”

“का गं, सतराचंच का?”

“काय माहीत. मॅडमचा रूल आहे.”

मी सुरुवात केली. सतरा एके सतरा. सतरा दुणे चौतीस. सतरा त्रिक एक्कावन्न. सतरा चोक अडुसष्ट. मला सतराचा पाढा झोपेत विचारला तरी येतो. पण सतरा सातेला आले आणि आवाज बसला. शब्द समोर दिसत होता, निघत नव्हता. मुलांना वाटलं, बाई अडकल्या. ती हसायला लागली, मोकळी, खोडकर, आपल्या वयाची. त्या सगळ्या हसण्यात मागून कलाचा आवाज आला, अगदी हळू, “एकशे एकोणीस, बाई.”

मी पाढा पुरा केला. टाळ्या पडल्या. परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसले आणि अहमदपूर येईपर्यंत मला रडू आवरलं नाही. शेजारच्या मावशींनी विचारलंही, “काय झालं वो ताई, कुणी गेलं का?” मी म्हणाले, “न्हाई. कुणीतरी हाय.” त्यांना काही उमगलं नाही, पण त्यांनी डब्यातली धपाटी पुढे केली आणि मी ती खाल्ली.

पोर्टफोलिओ मी रिकाम्या चौकटीसकट दिला. मुलाखतीत विचारलं, सुरुवातीच्या वर्षांचं काहीच कसं नाही? मी म्हणाले, त्या शाळेत फोटो काढायचा नाही असा नियम होता. समितीतल्या साहेबांनी कागदावर काहीतरी टिपून घेतलं. ते काम दुसऱ्या एका शिक्षकांना मिळालं. चांगले आहेत, मनापासून करतात. मला त्रास झाला नाही असं म्हणणं खोटं होईल. मी बरेच दिवस केंद्राच्या खोलीवरून जाताना दुसऱ्या बाजूला बघायचे.

यंदा अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी फोन कलाचाच आला. लातुरात पाऊस बरा आहे. मुलगा दहावीला गेला. गुडघ्याला कोणतं तेल लावता? मग म्हणाली, “बाई, काल बॅचचा फोटो काढला. एक पाठवलाय. बघा.” आणि फोन ठेवून दिला. तिला तशी सवय नाही.

मी बघितला. उघड्या दारासमोर मुलांची गर्दी, कुणी कुणाच्या डोक्यावर शिंगं केलेली. मध्ये कला. केस घट्ट बांधलेले, मान वर, कॅमेऱ्याकडे थेट बघत, दात दिसतील एवढी हसणारी. मी तिला इतकी वर्षं ओळखते, आणि फोटोत तिचे दात पहिल्यांदा बघितले. खाली तिनं लिहिलं होतं, “ह्यो लावा.”

मी लॅपटॉप उघडला. दुपारी प्रणिता काही कामानं आली, तिनं माझ्या खांद्यावरून डोकावलं आणि माउसला हात घातला.

“मॅडम, चुकलं तुमचं. हा तर आत्ताचा फोटो हाय, ‘आज’मधी टाकायला पायजे. तुमी ‘सुरुवातीची वर्षं’मधी टाकला.”

“राहू दे,” मी म्हणाले, “तो तिथलाच आहे.”